मांडीतली हजेरी

मुकुंदरावांना सुईची भीती नव्हती. सुई मांडीतून काय बाहेर काढील, याची होती. आणि ती टोचायला अवघे आठ दिवस उरले होते.

त्यांची पुतणी चेतना व्यायामाने माणसाच्या स्नायूंतली प्रथिने कशी बदलतात, यावर पीएचडी करत होती. जुळे सोलापूर भागातल्या जिममध्ये बारा आठवडे रोज पाऊण तास सायकल मारायची, आणि आधी एकदा, नंतर एकदा मांडीतून स्नायूचा तांदळाएवढा तुकडा द्यायचा. माणसे मिळेनात, तेव्हा काका मोठ्या तोंडाने म्हणाले, "मी आहे ना." पहिला तुकडा दिला, एक दिवस सायकल मारली, आणि दुसऱ्या दिवशी त्यांना जिना उतरता येईना.

त्यांचे वडील गिरणीत होते, त्यामुळे उपाय घरचाच होता. गिरणीत माणूस आला नाही तर त्याच्या जागी बदली उभा राहतो, माग थांबत नाही. मुकुंदरावांनी ऑफिसातला शिपाई अजिनाथ सायकलवर बसवला. हजेरीला नाव यांचे, घाम त्याचा. सगळे बिनबोभाट चालले होते, तोवर चेतनाचा फोन आला.

"काका, सोमवारी दुसरा तुकडा. एक जरी माणूस कमी पडला ना, तर सर माझा प्रबंध परत पाठवतील. तीन वर्षं पाण्यात."

रजिस्टरला थाप मारता येते, मांडीला कशी मारणार? मुकुंदरावांनी अजिनाथला जिन्याखाली गाठले.

"सोमवारी तेवढी सुईही तूच घे."

"कसं जमंल सायेब? पयल्या सुईची खूण तुमच्या मांडीवर हाय की."

"मग आता रे?"

"बैठका मारा. बैठकीनं मांडी लई लवकर भरती."

भरते की नाही देव जाणे, पण बुडत्याला काडीचा आधार. मुकुंदराव रोज पहाटे न्हाणीघराची कडी लावून शंभर बैठका मारू लागले. "अहो, आत काय पडतंय?" गोदावरीकाकू बाहेरून विचारायच्या. "साबण," असे उत्तर यायचे. सोमवारी ते भिंत धरतधरतच प्रयोगशाळेत पोचले.

चेतना डबीवर नाव लिहीत होती. तिचा चेहरा बघून त्यांना राहवेना.

"बाळ, मी तुला फसवलं. सायकल अजिनाथनं मारली."

"माहीत आहे," चेतना म्हणाली. "तिसऱ्याच दिवशी जिममध्ये बघितलं मी. त्याच दिवशी अजिनाथदादांचा तुकडा घेतला आणि त्यांना सायकलवाल्यांत घातलं. तुम्हाला सांगायचं नाही, असं मीच बजावलं होतं."

"आणि मी गं?"

"तुलनेला अजिबात व्यायाम न करणारा माणूस हवा होता. कुणी दळण आणायला चालतं, कुणी जिने चढतं. तुमच्याइतकं निष्ठेनं बसून राहणारं सोलापुरात कुणी मिळेना. सांगितलं असतं, तर लाजेनं हिंडायला लागला असता."

मुकुंदरावांचा जीव भांड्यात पडला. पुतणीचे वाटोळे झाले नव्हते, उलट आपला हातभारच लागला होता. त्यांचे डोळे भरून आले.

"तरी तुझ्यासाठी जिवाचं रान केलं बरं का मी," ते म्हणाले. "आठ दिवस, रोज शंभर बैठका."

चेतनाने पेन खाली ठेवले. तिने त्यांच्या मांडीकडे बघितले.

"अकरा आठवडे बसलात काका," ती हळूच म्हणाली. "शेवटचे आठ दिवस तेवढे बसवलं नाही?"