महाराणीचं आवडतं चॅनेल

"अगं, मांजराला हवी असते करमणूक! टीव्ही लावून दिला की विषय संपला!" भिंगरीनं सकाळी मैत्रिणीला फोनवर ठणकावून सांगितलं.

भिंगरी म्हणजे आपली ती, दातांच्या दवाखान्यात काउंटरवर बसते ती. सरळ चालताना तिला कुणी पाहिलेलंच नाही, येते ती गरगरतच! आणि तिची मांजर महाराणी. काम शून्य, थाट राजवाड्याचा. भिंगरीची पाठ वळली की महाराणी दाराशी बसून असा गळा काढायची, की येणाराजाणारा चपला काढून सांत्वनालाच आत यावा!

आता खालच्या मजल्यावर घरमालक काका. त्यांची दुपारची झोप म्हणजे काचेचं भांडं. त्यांनी काल भिंगरीला जिन्यातच गाठलं.

"पोरी, ते भोकाड परत ऐकू आलं ना, तर रविवारी मांजर बाहेर! तू खुशाल राहा. ती नको."

मुठीएवढी असताना गटाराच्या कडेवरून उचललेली, ड्रॉपरनं दूध पाजून जगवलेली महाराणी... तिला सोडायचं? छे!

म्हणून हा टीव्ही. खास मांजरांसाठीचा व्हिडिओ, चिमण्या दाणे टिपतायत. आवाज? फुल! कारण भिंगरीच्या मते महाराणी बहिरी होती. इतक्या हाका मारते, कान तरी हलतो का तिचा? बहिरीच!

झालं. महाराणीला सोफ्यावर बसवून स्वारी कामावर गेली.

भर दुपारी दवाखान्यात फोन. काकू! घरमालकीणबाई! आवाज एकदम दबका.

"अगं, तुझ्या घरात उंदरांची वरात निघालीय! काय ते चीं चीं, काय ती खुडबुड!"

"काकू, घरात मांजर आहे माझं!"

"मग ते त्यांना चहा करून देत असेल! हे गेलेत वर, किल्ली घेऊन. हातात छत्री आहे."

भिंगरीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. चिमण्या संपल्या, आणि पुढचा व्हिडिओ आपोआप सुरू झाला. उंदरांचा!

"काकू, थांबवा त्यांना! ते उंदीर टीव्हीत..."

धाड्! वरून काहीतरी फुटल्याचा आवाज, काकूंची किंकाळी आणि फोन बंद.

"डॉक्टर, मी घरी जाऊन येते! टीव्हीत उंदीर झालेत!"

डॉक्टरांचं यंत्र हवेतच थांबलं. खुर्चीतल्या पेशंटचा आ आधीच वासलेला होता, तो आणखी बोटभर वाढला.

भिंगरी धापा टाकत घरी पोचली तर दार सताड उघडं. काका स्टुलावर उभे, छत्री उगारलेली. टीव्हीच्या काचेवर मधोमध तड्यांचं हे भलंमोठं कोळ्याचं जाळं! आणि आतून अजून चीं चीं चीं!

"मारला!" काका ओरडले. "चांगला वर्मी घाव घातला! पण मेला तरी ओरडतोय!"

भिंगरीनं मुकाट्यानं प्लग काढला. चिडीचूप.

काकांनी प्लगकडे पाहिलं, टीव्हीकडे पाहिलं, मग छत्रीकडे. "म्हणजे... खरे नव्हते?"

"खऱ्या उंदराला बघून तुम्ही स्टुलावर चढता, मारता कुठले!" दारातून काकू.

"मी बघायला चढलो होतो! वरून नीट दिसतं!"

आणि महाराणी? टीव्हीकडे पाठ करून सोफ्यावर गाढ झोपलेली! भिंगरीनं हळूच खाऊच्या पाकिटाला बोट लावलं. जरासं चुरचुरलं मात्र, बाई टुणकन पायाशी हजर!

"ही बहिरी?" काकूंनी विचारलं.

काका मात्र स्वभावानं सरळ माणूस. संध्याकाळी स्वतःचा टीव्ही उचलून वर आणून दिला. "तुझा मी फोडला, आता हा तुझा. आणि ते... रविवारचं राहू दे सध्या."

गंमत म्हणजे दुसऱ्या दिवसापासून महाराणीचं भोकाड बंद! भिंगरी हवेत. सगळ्या मैत्रिणींना फोन, "सांगत नव्हते? टीव्ही!"

रविवारी सुट्टी म्हणून ती दुपारी घरी लोळत होती, तर दारात किल्ली खुटखुटली. काका!

"अगं, तू आहेस होय? नाही, म्हटलं... टीव्ही समोर असल्याशिवाय मला झोप लागत नाही गं. हे चार दिवस इथेच येतोय. बसू ना?"

आणि सोफ्यावर टेकले की घोरायलाच लागले! घर्रर्र झालं की झुपकेदार मिशी वर, फुस्स झालं की खाली. महाराणी समोर पाय दुमडून बसली. टीव्हीकडे ढुंकूनही नाही! डोळे त्या मिशीवर खिळलेले. वर, खाली, वर, खाली. शेपूट आनंदानं डुलतंय.

महाराणीचा प्रश्न कायमचा सुटला. काकू तर म्हणतात, लग्नानंतर इतक्या शांत दुपारी त्यांनी पाहिल्याच नव्हत्या.

भिंगरी तेवढी दर रविवारी कानांत कापसाचे बोळे घालून पडून असते. या आवाजाची तक्रार करायची तरी कुणाकडे? घरमालकाकडे?