मारोतरावांचे उलटखाऊ जंतू

या, असं जवळ येऊन बसा. दारातूनच ‘बरं हाय ना मावशी’ विचारायचं अन् निघायचं, ही कुठली रीत? वर्षातून एकदा तोंड दाखवता, तेही उभ्या उभ्या. बसा. आज तुम्हाला आमचे शेजारी मारोतराव सांगते. भेटायच्या आधी माहीत असलेले बरे, कारण भेटल्या भेटल्या ते तुमची चप्पल मागतील.

चेष्टा नाही. मागच्या उन्हाळ्यात कनेरगाव नाक्याला एका लग्नाला गेलो होतो. जेवून बाहेर येते तर मांडवाबाहेर मारोतरावांनी अख्ख्या वऱ्हाडाच्या चपला दोन ढिगांत लावलेल्या. इकडे डाव्या, तिकडे उजव्या, मधे स्वतः. नवरदेवाच्या मामाला सांगत होते, “बघा मामा, प्रोटीन ज्या अमिनो आम्लांचं बनतं, त्यांच्या बी अशाच दोन जाती. दिसायला सारख्या, पर एका पायातली दुसऱ्यात जात न्हाई. तुमी, मी, म्हैस, बाभूळ, समद्यांचं बांधकाम डाव्या ढिगातलं. उजव्या ढिगाला म्हणायचं डी. उलटा माल!”

मामा म्हणाले, “ते बराबर हाय, पर माझा बूट कुठाय?”

अर्धं वऱ्हाड त्या दिवशी विजोड चपलांत घरी गेलं.

मारोतराव प्रोफेसर वगैरे नाहीत हं. हिंगोलीत एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत चौतीस वर्षं त्यांनी काचेच्या नळ्या धुतल्या. सर लोक शिकवायचे, हे धुता धुता ऐकायचे. रिटायर होऊन माणसं शाल घेऊन घरी येतात, हे एक नळी घेऊन आले. तिच्यात जंतू. आखाडा बाळापूरला मेंढ्या बसतात तिथल्या मातीतून काढलेले. ते म्हणे डी खातात.

“बाकीचे जंतू डी घालून स्वतःची भिंत बांधतात, आक्का. माझे तेच डी खातात! त्यांच्यात एक एंझाइम हाय. ते डीतला नत्राचा तुकडा उपटून टाकतं अन् उरलेल्यावर हे पोट भरतात.”

उपटलेल्या तुकड्याचा होतो अमोनिया. त्यामुळे आल्या पाहुण्याला पाण्याच्या आधी नळीचा वास. मीही घेतलाय. एस.टी. स्टँडमागे येतो तोच.

शांतावहिनी वारल्यापासून घरात एकटेच. फ्रीज आहे, पण दूध बाहेर नासतं आणि जंतू आत गारव्याला. साखरेवर जगणाऱ्या जंतूंचा तर त्यांना भारी तिटकारा. “साखर काय, कोणीबी खातं!” पोस्टमन उशिरा आला, साखरखाऊ. पुण्यातला पोरगा सुनील फोन करत नाही, साखरखाऊ. मी तर ठरलेलीच.

अशी अकरा वर्षं गेली. मग नांदेडहून एक मॅडम आल्या, यांच्याच कॉलेजात शिकलेल्या. म्हणाल्या, महिन्याभरानं नळी घेऊन जाते, तपासते. खरं निघालं तर पेपर लिहू आणि त्यात काका, तुमचं नाव टाकू. त्या दिवशी मारोतराव माझ्या ओट्यावर येऊन बसले, म्हणाले, “चौतीस वर्षांत लई पेपर निघाले, आक्का. नळ्या माझ्या हातच्या अन् नावं त्यांची.”

आणि नेमका मोतीबिंदू पिकला. सुनील त्यांना ऑपरेशनला पुण्याला घेऊन गेला. नळी माझ्याकडे आली.

काम साधं होतं. आठवड्याला नवं जेवण करायचं. क्षाराच्या पाण्यात डीची पांढरी पूड, कुकरात वीस मिनिटं, गार झालं की दिव्यावर लाल केलेल्या तारेनं जुन्या नळीतला थेंब नव्या नळीत. “दुसरं कायबी घालायचं न्हाई,” दोनदा बजावलं.

मी म्हटलं, “मारोतराव, मी चार लेकरं वाढवली.”

“साखरखाऊ,” म्हणाले आणि गाडीत बसले.

पहिली खेप बरोबर केली. चार दिवस पाणी निवळशंख. माझा जीव तुटला हो! रोज ती एकच बेचव पूड. माणूस असता तर ताट भिरकावलं असतं. दुसऱ्या खेपेला मी चिमूटभर साखर घातली. एका रात्रीत नळी दाट! मी तोऱ्यात पुण्याला फोन लावला.

“तुमच्याकडं उपाशी होती बिचारी. माझ्या हातचं खाऊन अंग धरलं बघा.”

“काय घातलं?”

“साखर. उगं चिमूटभर.”

पलीकडून हळू आवाज आला, “साखरेवर कोणीबी वाढतं, आक्का. हवेतलं, तुमच्या हातावरलं. त्या गर्दीत माझे कोणते, कसं वळखायचं? जुनी नळी हाय ना?”

जुनी नळी मी घासून चकचकीत करून ठेवली होती.

म्हाताऱ्याचं नाव छापून येणार होतं आणि मी ते साखरेत बुडवलं. मारोतराव मात्र ओरडले नाहीत. “आता उपाशी ठेवा. दोन खेपा नुसती पूड. टिकंल तो आपला.”

पहिली खेप जेमतेम धुरकट. तिच्यातला थेंब दुसऱ्या नळीत टाकला, तर पाणी पुन्हा निवळ. मॅडम गुरुवारी येणार होत्या. मी दिवसातून दहा वेळा नळी उजेडाला धरायची. बुधवारी सकाळी आत ढगासारखं काहीतरी हललं. नळीचा कापसाचा बोळा काढून नाक लावलं. आला, तोच घाणेरडा वास! सुनेला वाटलं, मला येडच लागलं.

मॅडमनी नळीवर चिठ्ठी लावली, मारोतरावांचं पूर्ण नाव विचारून लिहिलं. त्या गेल्या तसा मी फोन लावला.

“मारोतराव, एक सांगा. साखरेतून ते वापस येतात, हे तुमाला कसं ठावं?”

बराच वेळ खोकले. मग म्हणाले, “दर दिवाळीला मीच घालतो की. चिमूटभर.”

“तुमी? काहून?”

“शांता गेल्यापासून गोडाचं खाणारं घरात दुसरं कोण हाय, आक्का? सुनीलला सुट्टी नसती. मग पुढं दोन खेपा उपाशी ठेवतो. माफी मागून.”



पुढच्या आठवड्यात येऊन राहिलेत ते, काळा चष्मा लावून. यंदाची दिवाळी त्यांची आमच्याकडे, करंज्या जास्तीच्या करते. तुम्हीही या. दोन दिवस राहायच्या बोलीनं या, आणि मारोतराव बोलायला लागले की घड्याळ बघू नका.