पाहणीच्या दिवशी आलेला सोफा

एखादं काम वेळेआधी कसं करावं, हे शिकायचं असेल तर खुशाल माझ्याकडे या! दोन हजार एक सालची गोष्ट. आमची वैष्णवी नुकतीच नववीत गेली होती आणि मी तिच्या इंजिनिअरिंगसाठी शिष्यवृत्ती शोधायला लागलोही होतो. हसू नका! मखमलाबादला आमचा पाऊण एकराचा मळा. मेथी, कोथिंबीर आणि बांधाच्या कडेनं झेंडू. पंचवटीच्या बाजारात भाजी विकून घर चालतं, कॉलेज चालत नाही. पोरगी गणितात शाळेत पहिली. पैशांपायी तिचं शिक्षण अडू नये, एवढीच माझी तळमळ होती.

भाजी बांधायला आणलेल्या रद्दीत मुंबईच्या एका ट्रस्टची जाहिरात सापडली. 'गरजू व हुशार विद्यार्थ्यांसाठी. घराची पाहणी होईल. खोटी माहिती देणाऱ्याचा अर्ज कायमचा बाद.' मी लगेच फॉर्म मागवला, भरला आणि पाठवूनही दिला.

"अहो, पोरीची सहामाही तरी होऊ द्या!" बायको म्हणाली.

"साधना, बाजारात पहाटे चारला पोचतो त्याला जागा मिळते. सातला येणारा गटाराकाठी बसतो!"

श्रावणात पोस्टकार्ड आलं. 'अर्जाबाबत रविवारी समक्ष भेटावयास येत आहे. अकरा वाजता पंचवटी कारंजावर थांबावे. रंगनाथ सर.' समक्ष भेट म्हणजे पाहणीच, दुसरं काय! आणि आमचं घर गरजू दिसावं म्हणून काही करायची गरजच नव्हती. वर पत्रे, खाली शेणानं सारवलेली जमीन, दोन खुर्च्या, पैकी एकीवर बसता येतं. मी घरात सगळ्यांना बजावलं, "कशाला हात लावू नका. आहे तसं दिसू द्या." आई तेवढी घोटीला मावशीकडे गेली होती. ती नेमकी रविवारी सकाळी परतली, मी लुना घेऊन निघालो त्यानंतर!

रंगनाथ सर म्हणजे निवृत्त हेडमास्तर, आता ट्रस्टचं काम बघणारे. मांडीवर पिशवी घेऊन लुनावर मागे बसले. लुनाच्या आवाजात बोलणं काही ऐकूच येईना. घरी पोचलो, दार ढकललं आणि मला वाटलं, घर चुकलं!

समोर सोफा! प्लास्टिकचं कव्हरसुद्धा न काढलेला! कोपऱ्यात टीव्ही, त्यावर बाहुली. भिंतीवर दोन घड्याळं, दोन्हीत वेगळी वेळ. दाराजवळ फ्रीज, वायर जमिनीवर लोळतेय. आणि मधोमध ठेवणीतलं नऊवारी लुगडं नेसलेली आमची कुसाबाई, म्हणजे माझी आई.

"या साहेब, बसा! आमच्याकडं कशाचीच कमी नाय!"

मी आईला चुलीपाशी ओढलं. "आई, हे काय केलंस?"

"सगळ्या गल्लीनं दिलं! पाहुणे एकाचे असले तरी सतरंज्या सगळ्यांच्या असत्यात."

"अगं, ते गरजूंना पैसे देतात!"

"येडा का काय तू? ज्याच्या घरात काय नाय त्याला कोण देतंय? तुझ्या बापाला सोसायटीनं कर्ज दिलं, ते इहीर बघूनच ना!"

साधना कपाळाला हात लावून चहा ओतत होती. सासूपुढं तिचं काही चाललं नव्हतं.

बाहेर आलो तर सर सोफ्यावर बसून फ्रीजकडे बघत होते. "हा बंद का?"

"पावसाळा हाय ना साहेब. थंड पाणी बाधतं!" आई म्हणाली.

तेवढ्यात शेजारची अक्काबाई आत आली, फ्रीज उघडून विरजणाचं भांडं काढलं आणि आल्या पावली निघून गेली. सरांनी वहीत काहीतरी लिहिलं.

मग दारात जयराम उभा! सोफा त्याचाच.

"ज्ञानेशभाऊ, झालं का? माझ्याकडं इंचूरचे पाहुणे आलेत. बसायला काय नाय घरात!"

"अर्धा तास थांब रे," मी हळूच म्हणालो.

जयराम भला माणूस. सोफा मागणं त्याला बरं वाटेना, म्हणून तो पाहुण्यांनाच घेऊन आला! दोन दणकट शेतकरी सरांच्या दोन बाजूंना बसले. "तुमचं चालू द्या," म्हणाले आणि सरांच्या डोक्यावरून कांद्याच्या भावाची चर्चा करू लागले.

सर मधे आकसून बसलेले. त्यांनी विचारलं, "मुलगी अभ्यासाला कुठं बसते?"

"इथंच," वैष्णवी दारातून म्हणाली. "पण आज सोफा आहे ना, म्हणून गोठ्यात बसलेय."

मला राहवेना. मी हात जोडले. "सर, यातलं काहीही आमचं नाही. त्या मोडक्या खुर्च्या तेवढ्या आमच्या. पण पोरीचा अर्ज बाद करू नका! ती खरंच हुशार आहे हो!" आईनं पदर डोळ्याला लावला.

सर गोंधळले. "अहो, पाहणीला कोण आलंय? मी एवढंच विचारायला आलो, की बारावीच्या गुणांच्या रकान्यात तुम्ही 'येणार आहेत' असं लिहिलंय. निकाल तर जूनमध्येच लागला! गुण येणार कधी?"

मी बोटं मोजली. "दोन हजार पाच साली."

सर चष्मा काढून इतके हसले, की सोफ्यावरचे दोन्ही पाहुणे हलायला लागले!

"मग हा अर्जच नाही! आणि अर्जच नाही, तर खोटं कसलं नि बाद कसलं?" त्यांनी पिशवीतून फॉर्म काढून माझ्या हातात दिला. "बारावी झाली की पाठवा. पाहणीला मीच येईन. तोवर पोरीला तिची जागा परत द्या."

माझा जीव असा भांड्यात पडला म्हणता! सरांना कारंजावर सोडून आलो, तेव्हा मी लुनावर चक्क गाणं म्हणत होतो. घरी आई ओसरीत ताठ मानेनं बसली होती.

"बघितलंस? घर भरल्यालं दिसलं, म्हणून तर चार वरसं आधीच हो म्हणाला!"

मी दोन्ही पाहुण्यांना उठवलं आणि जयरामसोबत सोफ्याचं दुसरं टोक धरलं.