पाटाखालची हाक

ज्याला ऐकू येत नाही त्याला हाक कशी मारायची, याचा तुम्ही कधी विचार केला आहे का? नसेल, तर आमच्या शेजारच्या दामूकाकांशी तुमची ओळख करून देणं मला भाग आहे.

काका ओसरीवर तार पाठवायच्या एका पितळी किल्लीसमोर बसतात आणि तिच्यावर बोट आपटतात. आत चुलीपाशी बसलेल्या काकू एकदम हसतात. कधी चिडून ओरडतात, "मी नाई म्हटलं असं!" रस्त्यानं जाणाऱ्याला नुसतं खट्‌, खट्टऽ, खट्‌ ऐकू येतं. आमच्या बालाघाट गावात हिंदी बोलणारे म्हणतात, "तारबाबू का दिमाग सरक गया." मराठी बोलणारेही तेच म्हणतात, फक्त हळू.

काकांची सारी नोकरी स्टेशनच्या तारघरात गेली. नोकरी सुटली, तारघर सुटलं नाही. प्रत्येक वाक्यानंतर ते विचारतात, "पोचलं?" भाजीवाल्यानं नुसतं "हौ" म्हणून भागत नाही. "भेंडी, कवळी, अर्धा किलो" असं त्यानं परत म्हणून दाखवायचं. एका लग्नात काकांनी भटजींना सांगितलं, "जरा लवकर आटपा. पोचलं?" भटजींनी मंत्र न थांबवता मधेच "पोचलं" म्हटलं. एकदा चौकातल्या सभेत पुढारी बोलत होते आणि काका खुर्चीच्या दांडीवर बोट वाजवत होते.

"काय करून राह्यले, काका?"

"याचं भाषण घरी न्यायसाठी बारीक करून राह्यलो."

"कितीसं झालं?"

"'मत द्या.' बाकीचं सांडलं."

हसून झालं असेल तर आता ऐका.

काकू लांजीच्या. लग्नानंतर काही वर्षांनी त्यांना टायफॉइड झाला. ताप गेला आणि जाताना दोन्ही कान घेऊन गेला. शेजारणी आधी मोठ्यानं बोलल्या, मग खाणाखुणांनी बोलल्या, मग येईनाशा झाल्या. ऐकू येत नाही म्हणजे समजतही नाही, असं आपण कधी ठरवून टाकतो ते आपल्यालाही कळत नाही. हा अन्याय आहे. तो करायला सावकार किंवा सरकार लागत नाही. तुम्ही-मी पुरतो. साऱ्या बालाघाटात काकूंशी बोलणारा एकच माणूस उरला.

त्या माणसानं एक लोखंडी बोल्ट घेतला, त्यावर तांब्याची वार्निश दिलेली तार गच्च गुंडाळली आणि तो काकूंच्या बसायच्या पाटाखाली बसवला. बोल्टच्या तोंडाशी स्प्रिंगवर तोललेली लोखंडी पट्टी. तारेची दोन टोकं भिंतीवरून ओसरीपर्यंत, मधे सेल आणि किल्ली. किल्ली दाबली की तारेतून वीज वाहते, बोल्ट चुंबक होतो आणि पट्टीला ओढतो. पट्टी पाटाला ठोका देते. बोट उचललं की वीज थांबते, बोल्ट पुन्हा साधं लोखंड होतो, स्प्रिंग पट्टीला मागं नेते. कचेरीतली घंटी अशीच वाजते, तारघरातला कट्टकट्टाटही हाच. काकूंनी लहान-मोठ्या ठोक्यांची अक्षरं बसल्या जागी, अंगानं शिकून घेतली.

मी एकदा विचारलं, "काका, इतला खटाटोप काहून? पाटीवर लिहा ना."

"पाटी पाहायले तिनं हातचं काम टाकून यावं का? अन् पाटीवरचा 'ये' रागाचा का लाडाचा, कसं समजन? हाक दुरून मारा लागते, बाबू. पोचलं?"

खरंच, ठोक्यांना त्यांचा स्वर आहे. काकू सांगतात, "आज यायले भूक लागली. घाईनं मारून राह्यले." अडचण एकच. भरवेलीच्या खाणीतून मँगनीजचा ट्रक गेला की घर हादरतं, पाट थरथरतो आणि काकू आतून विचारतात, "काय म्हणता?" काका ट्रककडे रागानं पाहतात. त्यांच्या संसारात इतर कुणी बोललेलं त्यांना खपत नाही.

पापडाच्या दिवसांत समोरच्या भाभी आल्या. एकमेकींच्या घरी आळीपाळीनं पापड लाटायची आमच्या गल्लीची रीत आहे. पण भाभींना हवं होतं फक्त पोळपाट. काकूंच्या देखतच त्या काकांना म्हणाल्या, "चकला दे दीजिए. इनको मत बुलाइए, इनको कहाँ कुछ समझता है."

काका किल्लीवर बोट ठेवून भाभींचं वाक्य शब्दन्‌शब्द आत पाठवायला लागले. त्यांचा हात किल्लीकडे जाताना पाहून काकू आधीच पाटावर जाऊन बसल्या होत्या. सगळं ऐकून उठल्या, पोळपाट घेऊन बाहेर आल्या.

"चला, भाभी. मी येतो. पापड हातानं लाटतेत, कानानं नाई."

भाभी ओशाळल्या, त्यांना सोबत घेऊन गेल्या. काकूंनी दुपारभर पापड लाटले. भोवती बायका हसत होत्या, बोलत होत्या. कशाला हसतात ते काकूंना कुणी सांगितलं नाही.

या उन्हाळ्यापासून काकांचा उजवा हात कापतो. डाव्यानं जमत नाही. लहान ठोका मोठा होतो, एकाचे तीन पडतात. चुंबकाचा दोष नाही, बोट सांगेल तसा तो बोलतो. काकू पाटावर बसतात, ठोके संपू देतात आणि आतून म्हणतात, "हौ."

परवा काका किल्लीवरून हात न उचलता मला म्हणाले, "खोटं हौ म्हणते रे ते. आधी भांडत जाय माह्याशी. आता भांडत नाई. म्हंजे पोचून नाई राह्यलं." मग म्हणाले, "मी गेल्यावर तिच्याशी कोण भांडन?"

मी ती अक्षरं शिकतो आहे. पण एका माणसाच्या जागी आणखी एकच माणूस आला, तर काय मिळवलं?

म्हणून वाचकहो, मागणं आहे. दुपारी चार वाजता काकांची ओसरी उघडी असते. या. ते अक्षरं शिकवतील, दर ठोक्याला रागावतील, रागावू द्या. मग किल्लीवर बोट ठेवा आणि तुमचं नाव सांगा. काकू बाहेर येऊन बोलायला लागतील. खूप वर्षांचं बोलायचं आहे त्यांना. लगेच उठू नका.