खळीची पावती

"मैदा नाही भेटला?" चतुराबाईनं चुलीपुढून विचारलं.

"साऱ्या अकोल्यात नाही. दुकानदार म्हने, मैदा पाह्यजे तं बंबईले जा." देवमन उंबऱ्यावर बसला, पन्नास छापील कागदांची गुंडाळी जपून बाजूला ठेवली आणि टोपीनं वारा घेऊ लागला.

देवमन धान्यपुरवठ्याच्या एका लहानशा कचेरीत शिपाई होता आणि सात वर्षांपासून 'हंगामी' होता. त्या सात वर्षांत दोन साहेब बदलून गेले, कचेरीनं घर बदललं, साहेबाची खुर्चीसुद्धा नवी आली. देवमन तेवढा हंगामीच राहिला. आता त्याला कायम करायची फाइल एकदाची घैसास साहेबांच्या टेबलावर येऊन पोचली होती. साहेब पुण्याचे असले तरी मनानं वाईट नव्हते. "हे कागद गावभर नीट लाव, सोमवारी तुझ्या फायलीवर सही करतो," असं ते स्वतःच्या तोंडानं म्हणाले होते. कागदावर ठळक अक्षरांत छापलं होतं: 'रेशनचे धान्य विकणे हा गुन्हा आहे. विकणारा आणि विकत घेणारा, दोघेही शिक्षेस पात्र ठरतील.'

कागद होते, भिंती होत्या, कागद चिकटवायच्या खळीसाठी कचेरीनं दोन रुपयेही मंजूर केले होते. अडलं होतं ते मैद्यावाचून.

चतुराबाईनं उठून कोपऱ्यातला डबा उघडला. डब्यात मायलोचं पीठ होतं. सन सहासष्टचं ते साल, आणि रेशनवर मिळे ती अमेरिकेतून बोटीनं आलेली लाल ज्वारी. पांढऱ्याशुभ्र ज्वारीवर पोसलेल्या वऱ्हाडी माणसानं ती दळून तर आणायची, पण भाकरी तव्यावरच भंगायची आणि रंग असा की ताटात छपरावरचं कवेलू वाढल्यासारखं वाटायचं.

"हे कोनी खाऊन नाही राह्यलं घरात," ती म्हणाली. "याचीच खळ शिजवते."

"अवं, रेशनचं हाय ते!"

"मंग? कागदबी रेशनचाच हाय ना?"

चतुराबाईपुढं देवमनचा टिकाव कधी लागलाच नव्हता. तिनं पातेलं चढवलं, पीठ ढवळलं आणि मोरचूद घरात नव्हता म्हणून, खळीला कीड लागू नये अशा चांगल्या हेतूनं, मूठभर मीठ टाकलं. थोडं वाटलं म्हणून आणखी मूठभर टाकलं.

खळ झाली मात्र नामी. संध्याकाळपर्यंत देवमननं पन्नासच्या पन्नास कागद चिकटवले. उरलेली खळ त्यानं डब्यात घालून कचेरीत नेली, तर बडेबाबू पंजाबराव खूश झाले. त्यांच्या पावत्यांच्या रजिस्टराला महिनाभर डिंक नव्हता.

"दोन रुपयाची पावती लिहून दे बाप्पा," ते म्हणाले.

देवमननं प्रौढांच्या वर्गात बसून अक्षर कमावलं होतं. जे लिहायचं ते खरं लिहायचं, असं तिथल्या गुरुजींनी सांगितलेलं त्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. मैदा घेतला नाही तर मैदा कसा लिहिणार? त्यानं झोकदार अक्षरात लिहिलं: 'खळीकरता घरचे रेशनचे मायलोचे पीठ कचेरीस दिले, त्याबद्दल दोन रुपये मिळाले.' घैसास साहेबांनी कुणाशी तरी बोलता बोलता त्यावर 'खरेदी मंजूर' असं लिहून सही ठोकली आणि पंजाबरावांनी न वाचताच ती त्याच खळीनं रजिस्टरात डकवली.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत गावातले बत्तीस कागद नाहीसे झाले.

साहेब स्वतः सायकलवर पाहणी करून आले ते लालबुंद होऊन. "देवमन, ही साधीसुधी गोष्ट नाही. काळाबाजारवाल्यांची टोळी आहे ही! शेजारी सिनेमाचा कागद आहे, त्याला हात लावलेला नाही. आपलाच तेवढा नेमका काढलाय. आणि काय सफाई! भिंत अगदी चाटूनपुसून स्वच्छ केलीय!"

"मंग सायेब, माही फाइल?"

"आधी टोळी, मग फाइल."

देवमन सात वर्षं थांबला होता, पण टोळी सापडायला किती वर्षं लागतात हे त्याला ठाऊक नव्हतं. घरी येऊन त्यानं चतुराबाईला नवी खळ शिजवायला सांगितली. "घट्ट कर. कोनाच्या बापाले निघाले नाही पाह्यजे." तिनं घट्ट केली, आणि कीड लागू नये म्हणून या खेपेला मीठही दुप्पट घातलं.

सकाळी कचेरीतून नवे पन्नास कागद आणून लावले आणि दहीहांड्याच्या वेशीपाशी देवमन आणि मोतीराम पोलीस पानठेल्याआड दबा धरून बसले. मोतीराम दांडगा माणूस होता आणि टोळीत किमान चौघे असतील असा त्याचा अंदाज होता. दोन पानं खाऊन झाली तेव्हा टोळी आली. ती एकटीच होती, पांढरी होती आणि तिच्या गळ्यात घंटी होती.

बकरीनं इकडेतिकडे पाहिलं, मागच्या पायांवर उभी राहिली आणि कागदाचा खालचा कोपरा धरला. आधी तिनं शिक्षा खाल्ली, मग गुन्हा खाल्ला. मग जीभ काढून भिंत चाटायला लागली.

"घ्या बाप्पा," मोतीराम म्हणाला, "आता इले बेड्या कोन्त्या पायात घालू?"

पण हुकूम तो हुकूम. बकरीला दोरी लावून वरात कचेरीकडे निघाली. मागून बकरीची मालकीण केशरबाई हातवारे करत आली. "माह्या चंद्रीले काहून धरलं? तिनं काय कोनाचं घर फोडलं?" तिच्यामागं अर्धा मोहल्ला होता.

साहेबांनी बकरीकडे पाहिलं, बकरीनं साहेबांकडे पाहिलं. पंजाबरावांनी तिला आपल्या टेबलाच्या पायाला बांधायला लावलं आणि चौकशी सुरू झाली.

"बकऱ्या कागद खातात, मान्य," साहेब म्हणाले. "पण आपलाच का?"

मोतीरामनं भिंतीवरून खरवडून आणलेला खळीचा पापुद्रा पुढं केला, मग स्वतःच जिभेला लावून पाहिला. "सायेब, मीठ हाय. अन् पीठ मायलोचं हाय. मी सहा मैने तेच खाऊन राह्यलो, माही जीभ चुकनार नाही."

साहेबांनी हळूच मान वळवली. "देवमन, खळ कुणी केली?"

देवमनला खोटं बोलता येत नव्हतं, आणि आता शिकायला वेळही नव्हता. "आमच्या घरी, सायेब. मैदा नाही भेटला. घरी मायलो पडून होता."

"रेशनचं धान्य! न खाता दुसऱ्या कामाला वापरलंस! आणि वर त्याचे पैसे घेतलेस?"

"दोन रुपये, सायेब."

"म्हणजे विकलंस!" साहेबांनी टेबलावर हात आपटला. "अरे, विकू नका म्हणून सांगायचे कागद तू विकलेल्या धान्यानं चिकटवलेस? फौजदारी होईल तुझ्यावर! कायम कसला होतोस, आहे ती नोकरी जाईल!"

देवमनच्या डोळ्यांपुढं चतुराबाई उभी राहिली. कायम झाल्यावर शिवणाची हातमशीन घ्यायची, असं ती सात वर्षं म्हणत होती. त्याला फार वाईट वाटलं. पण हिशेबी माणसासारखा तो विचार करत राहिला, कारण शंभर कागद आपल्या हातानं चिकटवताना त्यावरचा मजकूर त्याला तोंडपाठ झाला होता.

"बराबर हाय, सायेब," तो अगदी गरिबीनं म्हणाला. "मी जातो जेलात. फक्त येक सांगा. कागदावर लिवलं हाय, विकनारा अन् विकत घेनारा, दोघंबी. मंग माह्या संगं कोन येईन?"

"म्हणजे?"

"मी कचेरीले विकलं. पावती हाय."

पंजाबरावांनी चष्मा लावला, रजिस्टर उघडलं, आणि पहिल्यांदाच ती पावती वाचली. मग त्यांनी उघडं रजिस्टर साहेबांच्या बाजूनं फिरवून आपल्या टेबलाच्या कडेला ठेवलं. 'खरेदी मंजूर' हे शब्द आणि त्याखालची सही लांबूनही स्पष्ट दिसत होती. घैसास साहेबांची सही फार सुंदर होती.

साहेबांच्या कपाळावर घाम आला. त्यांनी रुमाल काढला, पुसला, परत ठेवला. पंजाबराव छताकडे पाहू लागले. मोतीराम आपल्या बुटांकडे पाहू लागला.

तेवढ्यात चंद्रीला वास आला.

तिनं पुढचे दोन पाय टेबलावर ठेवले, मान लांबवली आणि रजिस्टरातली पावती अलगद ओठांत धरली. टेबलाच्या पायाला बांधून उरलेलं दोरीचं टोक साहेबांपासून हातभर अंतरावर लोंबत होतं. साहेबांनी ते पाहिलं. मग ते उठून खिडकीपाशी गेले आणि बाहेरचं कडुनिंबाचं झाड निरखू लागले.

यातलं काही न समजलेली केशरबाईच तेवढी ओरडली, "अवो सायेब, तिकडं काय पाहून राह्यले? कागद खाऊन राह्यली ना ते!"

"खाऊ दे, बाई," साहेब पाठमोरेच म्हणाले. "मुकं जनावर आहे. भुकेलं असेल."

चंद्रीनं पावती संपवली, पान चाटून कोरं केलं आणि घंटी वाजवत खाली उतरली. साहेब वळले तेव्हा त्यांचा आवाज पहिल्यासारखा झाला होता. "पंजाबराव, बकरी सोडून द्या. आणि ती देवमनची फाइल आणा बघू. माणसाला किती दिवस हंगामी ठेवायचं?"

संध्याकाळी चतुराबाईनं हुकमाचा कागद दोनदा वाचून घेतला, पदरानं पुसला आणि बुद्धाच्या तसबिरीखाली धरून पाहिला. "इथं लावू. थांबा, जराशी खळ शिजवते."

"खळ नोको!" देवमन असा ओरडला की ती दचकलीच.

तो शेजारून हातोडी मागून आला. चार कोपऱ्यांना चार खिळे त्यानं ठोकले, मग दाराबाहेर डोकावून गल्लीत कुठं घंटी वाजत नाही ना ते ऐकलं, आणि परत येऊन मधोमध पाचवा खिळा ठोकला.