माझं ठिगळ शोधून दाखवा!

आधीच सांगून ठेवते. जुन्या मोझॅकच्या जमिनीला माझ्यासारखं ठिगळ अख्ख्या रत्नागिरीत कोण लावत नाही! भिवाकाका सोडून. त्यांनीच शिकवलंय, म्हणून त्यांना सोडलं.

दहावी अर्धी टाकून या कामाला आले तेव्हा आई म्हणाली, "चार दिवस टिकशील." आठ महिने झाले! भिवाकाकांनी मुंबईत तीस वर्षं मोझॅक घातलं, आता गुडघे गेले. बंदराजवळची जुनी कचेरी दुरुस्त होतेय, तिथंच ते आम्हाला शिकवतात. आम्हाला म्हणजे मला आणि विनीतला.

परीक्षा एकच. जमिनीतला तळहाताएवढा खड्डा भरायचा. जुन्यासारखीच दगडाची चिप निवडायची, सिमेंटात रंग जुळवायचा, ओल्या गोणपाटाखाली ठेवायचं आणि घासून घासून बाजूच्या जमिनीला मिळवायचं. पास होईल तो गुहागरच्या कामावर. काकांनी ऋजुता मॅडमना, म्हणजे कामाच्या मुख्य बाईंना, शब्दच दिलेला. "माझ्या जागी रेणुकाला पाठवा. पोरगी तयार हाय."

मॅडम बघेपर्यंत ठिगळाभोवतीचा खडूचा गोल पुसायचा नाही, हा नियम.

आदल्या दिवशी विनीत म्हणाला, "रेणके, खडूचा गोल कशाला गो? तुझं ठिगळ आंधळ्याच्या पायालापण लागेल!"

माझं डोकं काजूबीसारखं. जरा धग लागली की तडतडलं! ओलं फडकं घेतलं आणि गोल पुसला. तरी राग उरला, म्हणून विनीतच्या ठिगळाचा कोपरा सोडून अख्खा हॉल पुसून काढला.

"शोध आता, मेल्या!"

विनीत अर्धा तास रांगला. नाय सापडलं. मी घरी गेले ती लढाई जिंकल्यासारखी!

सकाळी मॅडम आल्या. "कुठंय तुझं काम?"

"खिडकीसमोर," मी ऐटीत म्हटलं. बघते तर खिडक्या नऊ! सगळ्या एकसारख्या. काल हे कसं नाय दिसलं, देव जाणे!

एका जागी बोट ठेवलं. "हे."

मॅडमनी आधीच्या दुरुस्त्यांचा नकाशा उघडला. "हे काकांचं. मार्चमधलं."

"मग ते."

"ती जुनी जमीनच आहे."

मी आता गुडघ्यांवर. मॅडमचा आवाज बदलला. "रेणुका, खड्डा तू भरलास, की काकांनी तुझ्यासाठी?"

"मी खोटं बोलतेय काय?" मी ओरडलेच. मग काकांकडे बघितलं. तीस वर्षांत त्यांना असं कोणी विचारलं नसेल. ते उठले, गुडघे धरत बादली आणली आणि जमिनीवर पाणी ओतलं.

"ताजं काम पाणी जास्त पितं, मॅडम. सगळ्यात शेवटी वाळतं. बसूया."

मॅडमना खुर्ची दिली. आम्ही तिघं भिंतीला टेकून, मयताला आल्यासारखे. पंखा गरगरतोय. जमीन वाळतेय. जुनी वाळली. काकांची ठिगळंपण वाळली. विनीतच्या कोपऱ्यात एक ओला डाग राहिला. माझा कुठेच नाही!  काकांनी दिलेला शब्द मी फडक्यानं पुसून टाकला होता.

विनीतच पुटपुटला, "मॅडम... जरा खुर्ची उचलता?"

खुर्चीखाली डाग! तळहाताएवढा.

"काढ गोल! वाळायच्या आत!" काका ओरडले. मी खडू फिरवला.

मॅडमनी भिंगातून खूप वेळ बघितलं. "हात उत्तम आहे. पण नापास."

"का?"

"जुन्या कामात आपण काय बदललं, ते पुढच्या माणसाला कळलं पाहिजे. तुझं तुलाच कळत नाही."

"बरोबर हाय," काका म्हणाले. "मी घाई केली. पोरगी तयार नाय अजून." मॅडमनी संशय घेतला तेव्हापण मला एवढं लागलं नव्हतं.

मॅडम दुसऱ्या कोपऱ्याकडे वळल्या तसे काका खाली वाकले, ठिगळावरनं अंगठा फिरवला. "झकास झालंय गो," हळूच म्हणाले. "कोणाला सांगू नको."

मी नाय सांगितलं. आता तुम्हालाच सांगतेय.

आणि विनीत? गेला ना गुहागरला! त्याचं ठिगळ मॅडमना भिंगाशिवाय दिसलं. जिन्यावरनं.