यष्ट्यांमागे तेल

"संध्याकाळी लाव ना, आच्ची. तेल कुठं पळून जातंय?" बुटाच्या नाड्या बांधत सितुम आजीला म्हणाला.

"वेळ टळली की ते नुसतं तेल राहतं, पुता."

नव्या वर्षाचं तेल म्हणजे सगळ्या लंकेत एकाच घटकेला घरातल्या थोरानं धाकट्यांच्या माथ्यावर घालायचं तेल. त्या एप्रिलात ती घटका नेमकी सामन्याच्या सकाळी आली. तारीख ठरवणाऱ्यानं पंचांग पाहिलंच नव्हतं. क्लबचा नेहमीचा यष्टिरक्षक बोट मोडून घरी बसला होता, म्हणून सितुमला हा एकच सामना मिळाला होता. जमलं तर पहिल्या संघात, पगारावर. नाहीतर परत मामाच्या मासळीच्या गाड्यावर.

तो गेला. आच्ची थोडा वेळ दारातच उभी राहिली. सितुमचा बाप असाच एका वर्षी तेलाआधी होडी घेऊन गेला होता, तो परतलाच नव्हता. तिनं देवळातून आणलेली बाटली पिशवीत घातली, तेल घालताना पायाखाली ठेवायची पानं वर ठेवली आणि गॉलची बस धरली.

मैदानावर पोचली तेव्हा घटका भरत आली होती. दोरी ओलांडून ती सरळ यष्ट्यांकडे चालू लागली.

"ओ आच्ची! खेळ चाललाय!" अमरतुंग सर सावलीतून ओरडले. ते संघाचे प्रशिक्षक.

आच्चीनं मागं पाहिलं नाही. पंच वीरकोडी हात आडवे करून समोर आले.

"आच्ची, बाहेर व्हा. नियम आहे."

"तुला लागलं का तेल?"

वीरकोडींचे आडवे हात खाली आले. पहाटेच घर सोडलेला माणूस तो.

"मग दक्षिणेकडे तोंड कर, यंदाची शुभ दिशा तीच. आधी माझा नातू, मग तू."

सितुमच्या पायाखाली पानं घातली गेली. मान खाली घालून तो पुटपुटला, "आच्ची, माझं वाटोळं होईल."

"तुझ्या बापाचं डोकं कोरडं होतं," ती हळूच म्हणाली. सितुमनं डोकं पुढं केलं.

वीरकोडींनी टोपी काढली. स्लिपमधला म्हणाला, "मलाही घाला, माझी आई कँडीला आहे." समोरच्या संघाचा फलंदाज दिलूक हेल्मेट काखेत मारून रांगेत उभा राहिला. गोलंदाज त्याच्या मागे. सगळे दक्षिणेकडे तोंड करून, शाळेतल्यासारखे.

खेळ सुरू झाला आणि ऊन चढलं. तेल कपाळावरून उतरलं, घामाबरोबर कोपरापर्यंत आलं आणि सितुमच्या ग्लोव्हजमध्ये शिरलं. दिलूकचा सोपा झेल त्याच्या हातातून मासळीसारखा निसटला.

"गेला हा पोरगा," अमरतुंग सर म्हणाले.

गोलंदाज कपाळाचा घाम चेंडूला पुसत होता. चेंडू भलताच वळू लागला. दिलूकनं तक्रार केली. वीरकोडींनी चेंडू नाकाशी धरला. वास त्यांच्याच डोक्याचा होता. त्यांनी चेंडू बदलला आणि कोणाकडेही पाहिलं नाही.

सितुमनं ग्लोव्हज काढून मागं टाकले. हात मातीत घासले आणि उघड्या हातांनी यष्ट्यांमागे वाकला.

"बोटं मोडून घेशील, मल्ली," धाकट्या भावाला हाक मारावी तसा दिलूक म्हणाला.

"तुमची बघा, अय्या." सितुमनंही त्याला थोरला भाऊ करून टाकलं.

पुढच्याच चेंडूला दिलूक पुढं सरसावला, त्यानं जोरात बॅट फिरवली, आणि ती त्याच्या तेलकट हातातून सुटून थेट पंचांच्या पायाशी जाऊन पडली. तो बॅटकडे बघत राहिला. सितुमनं चेंडू नुसत्या तळव्यांत धरला आणि यष्ट्या उडवल्या.

संध्याकाळी आच्ची बसथांब्यावर बसली होती. बोटं सुजलेला सितुम शेजारी. अमरतुंग सर चालत आले. टोपी हातात, डोकं कोरडं.

"पोराचं नाव पहिल्या संघात घातलंय," ते म्हणाले. मग जरा घुटमळले. "आच्ची, सकाळी सगळ्यांना घातलंत. मी तिकडे सावलीत ओरडतच राहिलो."

आच्चीनं बाटली उजेडात धरली. तळाशी थोडं उरलं होतं. तिनं ती त्यांच्या हातात दिली.

"गुडघ्यांना चोळ," ती म्हणाली. "आता ते नुसतं तेल आहे."